पवईच्या खिडकीतला गठ्ठा

सत्तरच्या दशकात मी घाटकोपरहून पवईच्या आयआयटीत जायचो, तेव्हा संगणकाला हात लावायची सोय नव्हती. खिडकीतून भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा आत द्यायचा आणि छापील कागदाची वाट बघायची. 1958 साली सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या या संस्थेत आधी मिन्स्क-2 होता, मग ईसी-1030 आला. यंत्र सोव्हिएत गटातलं, पण रचना अमेरिकन आयबीएम-360शी जुळणारी! मला याचं आजही अप्रूप वाटतं.

एका कार्डावर 80 रकाने, म्हणजे प्रोग्रामची एक ओळ. गठ्ठ्याच्या कडेवर मी पेनाने तिरकी रेघ ओढायचो. कार्डं सांडली तर रेघ जुळवली की क्रम लागायचा. एक स्वल्पविराम राहिला की हातात नुसती चुकांची यादी. म्हणून आम्ही आधी कागदावर ओळ न् ओळ चालवून बघत असू. ती शिस्त फार मोलाची होती.

गठ्ठे घेऊन एकामागून एक चालवायची ही बॅच पद्धत. यंत्राचा वेळ महाग, म्हणून माणसाने थांबायचं. पुढे टाइम-शेअरिंग आलं: यंत्र प्रत्येकाला सेकंदाचा बारीकसा तुकडा देत फिरतं आणि टर्मिनलपुढच्या माणसाला ते आपलंच वाटतं. खिडकी गेली, बॅच मात्र टिकली. बँकांची दिवसअखेरची व्याज-आकारणी अजून तशीच, एकगठ्ठा होते.