गोठलेले भाडे, खचलेली चाळ : मुंबईच्या छोट्या घरमालकाचा हिशेब

१/ गिरगाव, लालबाग, परळ या भागांत आजही अशा खोल्या आहेत, ज्यांचे महिन्याचे भाडे काही शे रुपयांपुढे जात नाही. त्याच खोलीचा ताबा बदलताना मात्र लाखोंचा व्यवहार होतो. एकाच जागेच्या या दोन किमती कशा निर्माण झाल्या, हे समजण्यासाठी चाळमालकाची हिशेबवही उघडावी लागते. (धागा)

२/ कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील दशकांत कोकणातून आणि देशावरून हजारो कामगार मुंबईत आले. गिरणीमालकांनी भांडवल यंत्रांत घातले. कामगारांच्या निवाऱ्याचा प्रश्न बहुतांशी खासगी घरमालकांवर सोडला.

३/ हे घरमालक सगळेच धनाढ्य शेठ नव्हते. किराणा दुकानदार, सावकार, गिरणीतील मुकादम यांनीही शिलकीचा पैसा चाळींत गुंतवला. घरची बचत अपुरी पडली की सावकाराचे कर्ज काढायचे आणि इमारत गहाण ठेवायची. अनेकदा जमीनही दुसऱ्याची, दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतलेली असे.

४/ चाळीची रचना या कर्जातूनच समजते. व्याज आणि जमिनीचा पट्टा भाड्यातून फिटायचा, तर थोड्या जागेत अधिकाधिक खोल्या हव्यात. म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाला एक खोली, समोर लांब सामायिक गॅलरी आणि टोकाला सामायिक नळ व शौचकूप.

५/ वसुलीसाठी मालक ‘भय्या’ ठेवत, किंवा सबंध चाळ मक्त्याने देत. मक्तेदाराने मालकाला ठरलेली रक्कम द्यायची आणि खोल्यांतून जमेल तेवढे उभे करायचे. भाडेकरूही पोटभाडेकरू ठेवून आपला भार हलका करी. एका खोलीच्या भाड्यावर असे अनेक थर चढलेले असत.

६/ १८९६ मध्ये प्लेग आला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या. पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या अपुऱ्या पडल्या. पुढे महायुद्धाच्या काळात भाडी भडकली आणि १९१८ मध्ये मुंबईत पहिला भाडे निर्बंध कायदा झाला.

७/ मग सरकार स्वतःच बांधकामात उतरले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास विभागाने (बीडीडी) वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. तरीही भाडे कामगारांना परवडेना आणि सुरुवातीची काही वर्षे अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या.

८/ या रिकाम्या खोल्या सबंध कथेची किल्ली आहेत. बांधकामाचा खर्च भरून निघेल इतके भाडे गिरणीच्या पगारातून निघत नव्हते. ही तूट कोणीतरी सोसणे अटळ होते. मालकाने, भाडेकरूने की सरकारने, एवढाच प्रश्न होता.

९/ दुसऱ्या महायुद्धात शहर पुन्हा फुगले. फाळणीनंतर निर्वासित आले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे ‘प्रमाण भाडे’ १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधले. त्या क्षणी हे संरक्षण आवश्यकच होते. १९८२ च्या संपात पगार थांबलेल्या गिरणी कामगारांनाही खोली राखता आली, त्यात या अल्प भाड्याचा वाटा होता.

१०/ आता मालकाची वही पाहू. समजा, चाळीत ३० खोल्या आहेत आणि भाडे ५ रुपये. म्हणजे महिना १५० रुपये. १९४० मध्ये यातून घरपट्टी, झाडूवाला आणि कौलांची डागडुजी भागली असेल. १९७० मध्येही जमा जवळपास तेवढीच. मात्र सिमेंट, सागवान आणि गवंड्याची मजुरी कितीतरी पटींनी वाढलेली. एक कुजकी तुळई बदलली की वर्षभराचे उत्पन्न संपे. मालकाने दुरुस्ती सोडली.

११/ भाडे गोठले, पण जागेची मागणी गोठली नव्हती. ती ‘पागडी’च्या वाटेने बाहेर पडली. खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रोख रक्कम घेई आणि पावती नव्या नावावर करून देण्यासाठी मालक त्यातला हिस्सा, बहुधा एक तृतीयांश, मागे. १९४७ च्या कायद्यानुसार अशी रक्कम घेणे गुन्हा होता. तरी व्यवहार उघड गुपित राहिला.

१२/ इमारती ढासळू लागल्यावर १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. अशा इमारती होत्या १९,६४२. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ प्रकरण जोडले गेले: ७० टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास इमारत संपादित करता येईल, मोबदला मासिक भाड्याच्या शंभरपट. म्हणजे १५० रुपये भाड्याच्या चाळीला १५,००० रुपये!

१३/ घरमालक न्यायालयात गेले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले. १९९९ च्या नव्या कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि वर्षाला ४ टक्के वाढ मंजूर केली. पाच रुपयांवरील ४ टक्के म्हणजे वीस पैसे. आठ-अ प्रकरणातून उद्भवलेल्या खटल्यात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही.

१४/ या कथेत एकच खलनायक शोधणे व्यर्थ आहे. भाडेकरूला बेघर होण्याचे भय खरे होते. मालकाची तूटही खरी होती. कायद्याने ती तूट एका बाजूच्या वहीत टाकली, मालकाने ती इमारतीच्या भिंतींत ढकलली. आता दर पावसाळ्याआधी दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. टेकू लावलेल्या त्या जिन्यांवरून भाडेकरू रोज चढउतार करतात.