आवाजाची पहिली पायरी

बारामती-इंदापूर भागात उसाचे बिल हाती आले की घरात एखादी हौसेची वस्तू येते. कुणी गाणे ऐकायला स्टिरिओ संच घेतो. मग प्रश्न निघतो : प्रीअँप्लिफायर, म्हणजे पूर्ववर्धक, वेगळा घ्यावा काय? जादा पैसे मोजण्याआधी या पेटीचा इतिहास पाहावा.

चावीच्या ग्रामोफोनला वीज लागतच नसे. सुई थरथरे, पातळ पडदा हाले आणि कर्ण्यातून आवाज येई. पुढे विजेचे पिकअप आले. त्यांतले स्फटिकाचे पिकअप जोरकस संकेत देई. त्याची वायर रेडिओच्या मागे खोचली की तबकडी वाजे. पूर्ववर्धकाची वेगळी पेटी लागत नसे.

१९४८ साली अमेरिकेत बारीक रेषांची लाँग-प्ले तबकडी निघाली. तिच्यासाठी चुंबकी पिकअप रसिकांच्या पसंतीस उतरले. आवाज स्वच्छ, पण संकेत क्षीण : व्होल्टचे हजार भाग केले, तर त्यांतले चार-पाच! शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि टीप वाढवलेली असते. नाहीतर खर्जाच्या रुंद लाटेने शेजारची रेषा कापली जाईल, आणि बारीक सूर खरखरीत बुडतील. वाजवताना हा हिशेब उलटा फिरवावा लागतो. १९५४ साली त्याचे एक प्रमाण अमेरिकेत ठरले. संकेत वाढवणे आणि हिशेब जुळवणे, ही दोन्ही कामे पूर्ववर्धकाची.

मग पेटी वेगळी का? त्या काळचा मुख्य वर्धक म्हणजे तापणारे व्हॉल्व्ह आणि वजनदार ट्रान्सफॉर्मर. इंग्लंडच्या क्वाड कंपनीने १९५३ साली जड वर्धक आणि बटणांची लहान पेटी अशी जोडीच बाजारात आणली. जड भाग कपाटाच्या तळाशी, बटणे हाताशी. ट्रान्सफॉर्मरची घुरघुरही नाजूक संकेतापासून लांब राहिली.

हे आपल्याला नीरा डाव्या कालव्यावरून सहज कळेल. मुखापाशीच पाणी गढूळ झाले, तर ते चारीचारीने गढूळच पोहोचणार. तसेच सुरुवातीला शिरलेली घुरघुर गाण्याबरोबरच वाढत जाते. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले, १९५६ साली त्याच्या शेतकरी मंडळांचा प्रयोग दीडशे गावांत झाला. तिथेही मायक्रोफोनचा दुबळा संकेत आधी स्टुडिओतच वाढवावा लागे. पहिली पायरी चुकली, तर पुढे सुधारत नाही.

पुढे ट्रान्झिस्टर आले, पेट्या लहान आणि थंड झाल्या. दोन्ही वर्धक एकाच डब्यात मावू लागले. १९८२ साली आलेली सीडी तर सुमारे दोन व्होल्टचा संकेत देते, म्हणजे चुंबकी पिकअपच्या चारशे-पाचशे पट! तिला वाढवायचे ते काय? आवाज कमी-जास्त करायला बटण असले की पुरे.

तेव्हा निवाडा असा. संचावर सीडी, रेडिओ किंवा मोबाइलच वाजणार असेल, तर वेगळ्या पेटीचे पैसे चांगल्या स्पीकरला लावावेत. फरक तिथे ऐकू येईल. तबकडी वाजवायची असेल, तर पूर्ववर्धन हवेच. पण तबकडीची 'फोनो' सोय संचात आधीच आहे का, ते पाहावे. असेल, तर आधी वाजवून बघावे. तबकडी थांबवून आवाजाचे बटण नेहमीइतके वर न्या. घुरघुर आली, तर प्रथम अर्थिंग आणि वायरी तपासा. एवढे करूनही ती हटली नाही, तरच वेगळ्या पेटीचा विचार करावा. गुरुजींनी हा प्रयोग शाळेत करून दाखवला, तर मुलांना विजेचा एक धडा कानांनी शिकता येईल.