शिधा आणि चूल : खर्डा परिसरातील वृद्धांच्या अन्नाविषयी काही विचार

जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव मराठ्यांच्या इतिहासात एका लढाईमुळे परिचित आहे. ११ मार्च १७९५ रोजी पेशवे, शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले यांच्या एकवटलेल्या फौजांनी येथे निजामअलीचा पराभव केला. निजामाने निंबाळकरांच्या किल्ल्याचा आश्रय घेतला व अल्पावधीत त्यास तह करणे भाग पडले. या लढाईविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि तीत भर घालण्याचा येथे हेतू नाही. प्रस्तुत लेखकाचे या भागात जाणे झाले ते शब्दसंग्रहाच्या निमित्ताने. आणि या लेखाचा विषयही एका शब्दापाशी, किंबहुना एका प्रश्नापाशी, सुरू होतो.

वृद्धांच्या स्थितीची पाहणी करताना हल्ली सर्वत्र एक प्रश्न विचारला जातो. उत्तरदात्यास गरम जेवण स्वतः तयार करण्यात काही अडचण येते काय, असा त्याचा आशय. खर्डा परिसरातील एका वृद्धेस प्रस्तुत लेखकाने हाच प्रश्न सहज विचारला, तेव्हा ती म्हणाली, "येतो की सैपाक. पर येकटीपुरती चूल कशाला पेटवायची?" पाहणीच्या कोष्टकात या उत्तराची नोंद 'अडचण नाही' अशीच होईल. ती बाई त्या दिवशी सकाळी चहाबरोबर बुडवून खाल्लेल्या शिळ्या भाकरीवर होती, ही गोष्ट कोष्टकात कोठेच बसत नाही.

हा प्रश्न कोठून आला, हे पाहणे उद्बोधक आहे. वृद्धाची क्षमता मोजण्याची ही पट्टी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील वृद्धसेवा केंद्रात काम करणाऱ्या लॉटन व ब्रॉडी या दोन अभ्यासकांनी १९६९ साली प्रसिद्ध केली. दूरध्वनी वापरणे, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, धुणे, प्रवास, औषधे घेणे आणि पैशाचा व्यवहार अशा आठ बाबी तीत होत्या. तिची मूळ मांडणी पाहता एक मौज आढळते. स्त्रियांना आठही बाबी लागू होत्या. पुरुषांच्या बाबतीत मात्र स्वयंपाक, घरकाम व धुणे या तीन गाळल्या होत्या. म्हणजे १९६९ सालच्या फिलाडेल्फियातही स्वयंपाक ही माणसाची नव्हे, बाईची क्षमता होती. पुढे हा भेद मागे पडला आणि पट्टी सर्वांस सारखी लागू झाली. भारतातील वृद्धत्वाच्या ज्या मोठ्या अभ्यासाची पहिली फेरी २०१७-१८ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने घेतली, आणि ज्यात ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींच्या मुलाखती झाल्या, त्यातही गरम जेवण तयार करण्याचा प्रश्न आहे.

पाहणी करणाऱ्यांना दोष देण्याचा येथे उद्देश नाही. पण प्रश्नाबरोबर त्या प्रश्नाचे घरही येते. फिलाडेल्फियाच्या प्रश्नामागील घर असे आहे : वृद्ध आपल्या घरी राहतो, त्याचा स्वयंपाकघर स्वतःचा असतो, मुलांवर आपला भार पडू नये ही त्याची प्रतिष्ठेची कल्पना असते, आणि ज्या दिवशी त्यास स्वतःचे अन्न शिजविता येत नाही त्या दिवशी त्याचे स्वातंत्र्य संपते. येथे अन्न हे कौशल्य आहे. मराठी भाषेत मात्र ते फार करून कौशल्य नव्हे, नाते आहे. आणि हे नाते आपण समजतो तितके निर्मळही नाही.

आपल्याकडे कुटुंबाची गणना भिंतींवरून होत नाही, चुलीवरून होते. 'वेगळी चूल मांडली' असे म्हटले की भाऊ वेगळे झाले, हे कोणासही कळते. एकाच वाड्यात चार चुली म्हणजे चार घरे. जनगणनेतील कुटुंबाची व्याख्यादेखील एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसे अशीच आहे. वाटणीच्या वेळी जमीन, गुरे व भांडी विभागली जातात आणि त्याबरोबर आईबापही विभागले जातात. एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे, अशी 'पाळी' लागते. कधी आई एकाकडे व बाप दुसऱ्याकडे. मुलगा आईबापास 'सांभाळतो' हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो. प्रत्यक्षात सांभाळण्याचे काम सून करते, आणि क्रियापदाचा कर्ता मुलगा राहतो. (याच शब्दकुळातील गुजराती 'सांभळवुं' याचा अर्थ ऐकणे असा आहे. मराठीत ऐकण्याचा अंश गळून सांभाळणे तेवढे उरले, असे कधी कधी मनात येते. अर्थात हे व्युत्पत्तिशास्त्र नव्हे.)

या नात्याची कायदेशीर भाषा जुनी आहे. 'पोटगी' या शब्दाचा उत्तरार्ध काही असो, पूर्वार्ध पोट आहे. 'अन्नवस्त्र' हा शब्द न्यायालयात हक्क म्हणून वापरला जातो, उपकार म्हणून नव्हे. पेशवे दफ्तरात 'बालपरवेशी' हा शब्द लढाईत पडलेल्या माणसाच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी दिलेल्या नेमणुकीस आहे. खर्ड्यासारख्या लढाईचा जमाखर्च अशा नोंदींवाचून पुरा होत नाही. या तिन्ही शब्दांवरून एवढे निश्चित दिसते की, मराठी समाजाने दुर्बळाचे अन्न केवळ मायेवर सोडले नव्हते. ते मागता येत होते. १९५६ सालच्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध वा दुबळ्या आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलाबरोबर मुलीवरही ठेवली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका खटल्यात विवाहित मुलीसही फौजदारी संहितेखाली हे दायित्व लागू होते असा निर्णय दिला, आणि २००७ साली ज्येष्ठ नागरिकांसाठी स्वतंत्र कायदा झाला. माया पुरेशी असती तर इतके कायदे लागले नसते.

उलट अमेरिकेविषयी आपली समजूत अशी की तेथे मुलांवर काही बंधनच नाही. हीही अपुरी आहे. इंग्लंडच्या १६०१ सालच्या दारिद्र्यनिवारण कायद्याने आईबाप, आजा-आजी व मुले यांस परस्परांच्या निर्वाहास जबाबदार धरले होते आणि तो विचार अमेरिकन वसाहतींत गेला. त्याचे अवशेष कित्येक राज्यांच्या कायद्यांत शिल्लक आहेत. २०१२ साली पेन्सिल्व्हेनियाच्या न्यायालयाने एका मुलास आईच्या शुश्रूषागृहाचे सुमारे ९३ हजार डॉलरचे देणे चुकते करण्यास लावले. १९३५ सालच्या सामाजिक सुरक्षा कायद्यापूर्वी निर्धन अमेरिकन वृद्धासमोर मुलाचे घर किंवा गावाचे दरिद्रालय असे दोनच मार्ग बहुधा असत. 'मुलांवर भार होऊ नये' ही अमेरिकन वृत्ती तेथील मातीतून उगवलेली सनातन वृत्ती नसून, निवृत्तिवेतन हाती येऊ लागल्यावर परवडू लागलेली वृत्ती आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अमेरिकेने पुढे जे केले त्यात मात्र आपण विचार करावा असा एक भाग आहे. १९५४ साली याच फिलाडेल्फिया शहरात, जे मराठी वाचकांस १८८६ साली तेथे वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी यांच्यामुळे माहीत आहे, घरबशा वृद्धांच्या दारी शिजलेले जेवण पोचविण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यापूर्वी महायुद्धकाळात इंग्लंडात तसे झाले होते. १९७२ साली अमेरिकन संघराज्याने वृद्धांसाठी राष्ट्रीय पोषण कार्यक्रम मंजूर केला : आठवड्यातून निदान पाच दिवस, दिवसास एक गरम जेवण, दिवसाच्या पोषणगरजेचा तिसरा हिस्सा भागेल इतके. हे जेवण शक्यतो चारचौघांत बसून घ्यावे अशी योजना होती. १९७८ साली घरपोच जेवणासाठी वेगळी तरतूद झाली. म्हणजे घरी शिजविणारे कोणी नाही हे त्या राज्यसंस्थेने गृहीत धरले आणि शिजविण्याचे काम स्वतःकडे घेतले.

आपल्या राज्यसंस्थेने नेमके उलट गृहीत धरले. २००० साली केंद्र सरकारने निराधार वृद्धांसाठी अन्नपूर्णा योजना आणली. तीत दरमहा दहा किलो धान्य होते. महाराष्ट्रातील वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचे नाव श्रावणबाळ आहे. २०२३ साली त्याची रक्कम दरमहा १५०० रुपये झाली. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर व तेल देण्यात आले, त्यास 'आनंदाचा शिधा' म्हटले गेले. नावे पाहा : एका योजनेत राज्य अन्नदात्री देवता होते, दुसरीत कावड खांद्यावर घेतलेला मुलगा. १९३५ च्या अमेरिकन कायद्याने कोरडी भाषा वापरली. आपण नात्याची वापरतो. पण नाते सांगणारे हे राज्य वृद्धाच्या हाती ठेवते ते धान्य, नाही तर पैसा. दळण, निवडणे, सरपण किंवा गॅस, पाणी, आणि भाकरी थापणारे हात, हे सर्व घरात आहेत असे समजून.

धान्यच का, याचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते 'शिधा' या शब्दात आहे. कोरडा शिधा कोणीही कोणास देऊ शकतो. शिजलेले अन्न देऊ शकत नाही. जातीच्या समाजात पक्वान्न स्पर्शाने विटाळते, दाणा विटाळत नाही. म्हणून ब्राह्मणास शिधा, गोसाव्यास शिधा, बलुतेदारास दाणे. शिजलेल्या अन्नाचे सार्वजनिक दान आपल्याकडे झाले ते मुख्यतः अन्नछत्रात, आणि तेथेही बहुधा यात्रेकरू व साधू यांच्यासाठी. ज्यांच्या नावाने २०२४ साली या जिल्ह्याचे नामांतर झाले त्या अहिल्याबाई होळकर याच जामखेड तालुक्यातील चौंडीच्या, आणि त्यांची अन्नछत्रे व धर्मशाळा देशभर प्रसिद्ध आहेत. परंतु वाटसरूचे अन्न आणि शेजारच्या म्हातारीचे अन्न या दोन भिन्न संस्था होत. पहिलीला पुण्य आहे. दुसरीत मुलाची अब्रू गुंतलेली असते. शेजारणीने रोज ताट धाडले तर 'पोराने टाकली' हा बोभाटा होतो, म्हणून म्हातारी ते ताट परतविते. अमेरिकन वृद्धा अभिमानाने उपाशी राहील ती स्वतःच्या. ही राहते मुलाच्या.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. जामखेड व त्यास लागून असलेला बीड जिल्ह्याचा भाग ऊसतोडणी मजूर पुरविणारा आहे. दिवाळीच्या सुमारास कोयते बांधून नवराबायको कारखान्यांकडे निघतात आणि पाचसहा महिन्यांनी परततात. या काळात पुष्कळ घरांत वृद्ध आणि शाळकरी नातवंडेच मागे राहतात. नातवंड असेल तर चूल पेटते. ते वसतिगृहात गेले वा आईबापांबरोबर फडावर गेले की विझते. शाळूची भाकरी दात नसलेल्या तोंडाला जड जाते. पूर्वी ताककण्या, हुलग्याचे माडगे, भाकरीचा काला असे मऊ पदार्थ म्हाताऱ्यांसाठी वेगळे होत. ते करण्यास वेळ लागतो आणि घरात दुसरे कोणी असावे लागते. एकटीसाठी माडगे शिजत नाही. येथे वृद्धांचे एकटेपण पाश्चात्त्य विचाराने आलेले नाही. ते मुकादमाच्या उचलीबरोबर आले आहे. संस्कृतीचा ऱ्हास म्हणून त्याची हळहळ करणारी व्याख्याने ऐकली की कोयता हातात घेऊन बारा महिन्यांचा हिशेब करणाऱ्या त्या सुनेची आठवण होते.

अशा परिस्थितीत शिजलेल्या अन्नाकडे वळणे आपल्याला अशक्य आहे काय? त्याचे उत्तर याच गावांच्या शाळेत मिळते. १९९५ साली शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली तेव्हा विद्यार्थ्यास पुष्कळ ठिकाणी दरमहा तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. तोही शिधाच होता, आणि तो कोणाच्या पोटात जाई हे कोणी पाहत नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवूनच जेवण द्यावे असा आदेश दिला. त्यावर बरेच आक्षेप निघाले : शिक्षकांचा वेळ जाईल, स्वच्छता राहणार नाही, आणि स्पष्ट न बोलता, स्वयंपाकीण कोणत्या जातीची असेल. वाद झाले, काही ठिकाणी अजून होतात. पण खिचडी शिजू लागली आणि एका पंगतीत खाल्ली जाऊ लागली. २०२० साली दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीने प्रौढांसाठी तसाच प्रयत्न केला. परंतु ती थाळी केंद्रावर जाऊन घ्यावयाची होती आणि केंद्रे मुख्यतः शहरांत, बाजारपेठांत होती. वस्तीवरील गुडघे धरलेल्या म्हातारीस त्याचा उपयोग नव्हता.

जामखेडमध्ये या बाबतीत एक पूर्वानुभवही आहे. १९७० साली रजनीकांत व मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन येथे आले, तेव्हा गावकऱ्यांची पहिली मागणी औषधांची नव्हती. अन्न आणि पाणी यांची होती. त्यांनी ती मानली आणि पुढे गावोगावच्या, बव्हंशी निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका केले. अमेरिकेत शिकलेली विद्या येथे उपयोगी पडली, कारण प्रश्न येथील माणसांनी विचारला होता.

पाहणीच्या कोष्टकात बदल सुचवावयाचा तर तो मोठा नाही. 'तुम्हांला स्वयंपाक करता येतो काय' याच्या जागी 'काल घरात चूल किती वेळा पेटली, आणि पानावर तुमच्याबरोबर कोण होते' असे विचारावे. ते दिवाळीनंतर, ऊसतोडणीच्या महिन्यांत विचारावे, कारण पावसाळ्यात केलेल्या पाहणीत हीच गावे भरलेली दिसतात. आमच्या विभागातील जे विद्यार्थी यंदा जामखेड-खर्डा भागात बोलीचे नमुने गोळा करण्यास जाणार आहेत, त्यांनी अन्नविषयक शब्दांच्या यादीबरोबर हे दोन प्रश्नही न्यावेत.