साबरमतीचं ‘रिकामं’ पात्र

आज आपण अहमदाबादला जाणार आहोत. बडोदा, सुरत, इंदूर इथून ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण साबरमतीच्या रिव्हरफ्रंटवर कधी ना कधी फिरून आले असतील. दोन्ही काठांना सरळ काँक्रीटची भिंत, खाली पाण्यालगत चालायला रस्ता, वर बागा, आणि २०२२ पासून पतंगाच्या आकाराची आठवण करून देणारा अटल पूल. संध्याकाळी तिथं खरंच बरं वाटतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बरीच तक्रार करणार आहे.

समोर दिसतं ते पाणी मात्र मुळात साबरमतीचं नाही. नर्मदेचा मुख्य कालवा शहराच्या वरच्या अंगाला साबरमती ओलांडतो. तिथून पाणी नदीत सोडतात आणि शहराच्या दक्षिणेला वासणा बॅरेजपाशी अडवतात. म्हणजे आपण जिला भरलेली नदी म्हणतो, तो एक लांबलचक तलाव आहे. मूळ साबरमती पावसाळ्यात धावणारी. वर्षातले बाकीचे महिने पात्रात एखादी धार आणि चहूकडे वाळू.

आपला आजचा विषय ही वाळूच आहे. काठ सुधारण्याची जी जी योजना आली, तिच्या नकाशात ही वाळू रिकामी जागा म्हणून दाखवलेली होती. ती रिकामी होती का, एवढंच पाहू.

अहमदशहानं १४११ मध्ये पूर्व काठावर शहर वसवलं. भद्रचा किल्ला नदीकडेच. पुढे तटबंदी झाली, तिला खानपूर, रायखड असे नदीच्या बाजूचे दरवाजे होते. आपल्या लोकांचा संबंध इथे येतो. रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी १७५३ मध्ये अहमदाबाद घेतलं. मध्ये ते हातचं गेलं, १७५८ मध्ये परत आलं, आणि १८१७ पर्यंत पेशवे आणि गायकवाड यांचा तिथे वाटणीचा कारभार चालला. गायकवाडांची हवेली रायखडमध्ये आजही उभी आहे. पुढे गिरण्या आल्या, पहिली १८६१ मध्ये सुरू झाली. नदीवरचा लाकडी पूल १८७५ च्या पुरानं नेला आणि १८९२ मध्ये लोखंडी एलिस ब्रिज झाला. तो बांधणारे इंजिनिअर हिंमतलाल भचेच यांनी ठरल्यापेक्षा कमी पैशात काम पुरं केलं, तर सरकारला संशय आला आणि चौकशी लागली, असं सांगतात. खर्च वाढला म्हणून चौकशी झाल्याचं आपण ऐकतो, कमी झाला म्हणून झालेली ही विरळाच.

तर या पुलांच्या खाली काय चालायचं? उन्हाळ्यात वाळूत टरबुजं, काकड्या लावल्या जायच्या. धोबी असायचे, गाढवं असायची. सर्कशीचे तंबू पडायचे. ‘माता नी पछेडी’ हे देवीचं चित्रवस्त्र करणारी कुटुंबं कापड धुवायला नदीवर यायची. त्यांना वाहतं पाणीच लागतं. साचलेल्या पाण्यात जास्तीचा रंग निघून न जाता पांढऱ्या भागावर पसरतो आणि कापड फुकट जातं. मोठ्या सभाही इथेच. १९१८ च्या संपात गिरणी कामगार रोज शाहपूर दरवाज्याबाहेर, नदीकाठच्या बाभळीखाली जमत आणि गांधीजी त्यांच्याशी बोलत. मागणी ३५ टक्के वाढीची होती. दांडीला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, ११ मार्च १९३० ला, आश्रमाजवळच्या वाळूवर प्रार्थनेला सुमारे दहा हजार माणसं होती. एवढ्या माणसांना बसायला भाडं न मागणारी जागा शहरात दुसरी कुठली असणार?

आणि गुजरी. हा रविवारचा जुना बाजार अहमदशहाच्या काळापासूनचा मानतात. १९५४ पासून तो एलिस ब्रिजखाली भरत होता. जुनी पुस्तकं, अवजारं, भांडी, खाटा, सायकलीचे सुटे भाग, कोंबड्या, शेळ्या. गिरण्या बंद पडत गेल्यावर ज्यांच्या हाताला काम राहिलं नाही, त्यांतल्या अनेकांची चूल या बाजारावर पेटली.

आता योजनांकडे येऊ. १९६० च्या दशकात बर्नार्ड कोहन हे फ्रेंच वास्तुविशारद अहमदाबादेत होते. बाळकृष्ण दोशी यांच्यासोबत तिथलं वास्तुकला विद्यालय उभं करणाऱ्यांपैकी ते एक. नदीकाठाची कल्पना त्यांनी मांडली, पण ती अख्ख्या खोऱ्याची होती. वर धरोईपासून खाली खंभातच्या आखातापर्यंत नदी, शेती, झाडं, वस्ती यांचा एकत्र विचार करायचा. शहराच्या हद्दीत काठ बांधून काढला आणि काम झालं, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. आजच्या प्रकल्पाशी त्यांचं नाव जोडलं जातं, तेव्हा हा फरक बहुधा गाळला जातो.

मध्ये तीस वर्षं गेली. १९९७ मध्ये महापालिकेनं या कामासाठी स्वतंत्र कंपनी काढली आणि १९९८ मध्ये बिमल पटेल यांच्या गटानं आराखडा दिला. तो हुशार होता, हे मान्य केलं पाहिजे. पात्राची रुंदी कुठे कमी, कुठे जास्त होती, ती सगळीकडे २६३ मीटर करायची. दोन्हीकडून भिंती पात्रात पुढे घ्यायच्या. भिंतीमागे भराव टाकून सुमारे २०० हेक्टर नवी जमीन तयार होते. तिच्यातला बहुतेक भाग रस्ते आणि बागांना द्यायचा, थोडा विकायचा, आणि त्या पैशातून खर्च काढायचा. सांडपाण्याचे नाले थेट नदीत पडत होते, ते काठानं मोठी वाहिनी टाकून वळवायचे. पावसाळ्यात झोपड्यांत पाणी शिरायचं तेही टळेल. यातली एकही गोष्ट खोटी नव्हती.

अडचण होती ती ‘नवी जमीन’ या शब्दांत. २००५ मध्ये काम सुरू झालं तेव्हा त्या जागेवर हजारो घरं होती. किती कुटुंबं, कुठे जाणार, याचं पक्कं उत्तर द्यायला पालिका तयार नव्हती. रहिवाशांनी ‘साबरमती नागरिक अधिकार मंच’ उभा केला आणि त्याच वर्षी ते उच्च न्यायालयात गेले. स्थगिती मिळाली. मग पुनर्वसनाचं धोरण आलं, याद्या आल्या, आणि शेवटी दहा हजारांहून जास्त कुटुंबांना घरं देणं भाग पडलं. न्यायालयात गेले नसते तर हा आकडा कुठे जाऊन थांबला असता, याचा अंदाज तुम्हीच करा. घरं मिळाली ती बरीचशी वटव्यासारख्या दूरच्या भागात. काहींना मध्यंतरी पिराणाच्या कचरा डेपोजवळ गणेशनगरला नेऊन सोडलं. लाल दरवाज्याच्या बाजारात हातगाडी लावणाऱ्याला, खानपुरात धुणीभांडी करणाऱ्या बाईला पक्कं घर मिळालं, पण कामावर पायी जाता येईना. रोजचं बसभाडं कमाईतून जायला लागलं.

गुजरीवाले जास्त संघटित होते. त्यांची स्वतःची संघटना होती. तेही न्यायालयात गेले आणि शहरातल्या काही प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या मदतीनं त्यांनी आपल्या बाजाराचा नकाशा स्वतः करून दाखवला. जागा कुठे, झाडं कुठे, कोण कुठे बसतो. म्हणूनच २०१४ मध्ये बाजाराला नदीकाठी जागा मिळाली. धोब्यांनाही बांधीव घाट मिळाला. पछेडीवाल्यांना वाहतं पाणी शोधत दुसरीकडे जावं लागलं. टरबुजाच्या वाडीला कुठल्याच नकाशात जागा नव्हती.

पुणेकरांनी हे लक्ष देऊन ऐकावं. मुळा-मुठेच्या काठाचा आराखडा बिमल पटेल यांच्याच संस्थेनं केला आहे. पुण्याची नदी वेगळी, तिचा पूर वेगळा. पण पात्र अरुंद होतं का, भराव कुठे पडतो, काठावर आज कोण आहे, हे प्रश्न तेच आहेत आणि ते काम चालू असतानाच विचारायचे असतात.

कधी अहमदाबादला गेलात तर संध्याकाळी रिव्हरफ्रंटवर फिरा, रविवारी गुजरीत जा. आता तिथे ओटे आहेत, पुस्तकवाले जुने आहेत, भाव करावा लागतो. आणि वेळ असेल तर वासणा बॅरेजच्या खाली जाऊन नदी बघा. तिथून पुढे नर्मदेचं पाणी नाही. शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी आहे. २०२१ मध्ये त्याची दखल उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. हेच पाणी खालच्या गावांतले शेतकरी पंपानं उचलून शेताला देतात.