रक्त की रस्ता?

एप्रिलचा तिसरा सोमवार म्हणजे बॉस्टन मॅरेथॉनचा दिवस. त्या संध्याकाळी आपल्या मराठी घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, "केनियाचाच जिंकला असणार, त्यांच्या रक्तातच असतं ते." आणि त्याला जोडून दुसरे, "आपल्या लोकांना नाही बुवा जमायचं." हे दुसरे वाक्य मला खटकते. शाळेच्या क्रॉस कंट्री संघात नाव द्यावे की नाही, अशा विचारात असलेली आपली मुले तिथेच बसून ते ऐकत असतात. म्हणून या 'रक्ता'चा इतिहास जरा तपासून पाहावा असे ठरवले.

सुरुवात १९२० पासून करू. त्या वर्षी अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन फिनलंडच्या हॅनेस कोलेहमाइनेनने जिंकली. हा गृहस्थ काही वर्षे न्यूयॉर्कमध्ये गवंडीकाम करून राहिलेला. त्याच्या पाठोपाठ पावो नुर्मी आला आणि त्याने ऑलिंपिकची नऊ सुवर्णपदके मिळवली. १९२५ साली नुर्मी अमेरिकेत आला, पन्नासाहून अधिक शर्यती धावला आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या जिंकून गेला. त्या काळी लोकांची खात्री होती की लांब पल्ल्याचे धावणे हे फिनिश माणसाच्या रक्तातच आहे. पुढे लासे विरेनने १९७२ आणि १९७६ साली पाच हजार आणि दहा हजार मीटरची सुवर्णपदके जिंकली. त्यानंतर मात्र या दोन अंतरांचे ऑलिंपिक सुवर्ण फिनलंडला मिळालेले नाही. रक्त तर तेच आहे, मग पदके कुठे गेली?

केनियाची गोष्ट याच्या बरोबर उलटी. १९६४ पर्यंत केनियाच्या नावावर ऑलिंपिकचे एकही पदक नव्हते. १९६८ साली मेक्सिकोत किप केनो या पोलीस खात्यातल्या धावपटूने अमेरिकेच्या जिम रायनला १५०० मीटरमध्ये मागे टाकले आणि गावोगावच्या पोरांना कळले की हे आपल्यातल्या माणसाला जमते. पुढचा रस्ता अमेरिकेतून गेला. इथल्या विद्यापीठांनी केनियन मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात शिकणाऱ्या हेन्री रोनोने १९७८ साली ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम केले. इतेन गावातल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत १९७६ साली आयर्लंडहून कोल्म ओ'कॉनेल नावाचे धर्मबंधू भूगोल शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली जगज्जेते तयार झाले. १९८६ पासून बॉस्टनला रोख बक्षिसे सुरू झाली. दोनच वर्षांनी, १९८८ मध्ये, न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकलेला इब्राहिम हुसेन ती शर्यत जिंकणारा पहिला आफ्रिकन ठरला. १९९१ ते २००० अशी सलग दहा वर्षे पुरुषांचे विजेतेपद केनियाकडेच राहिले.

उंचावरची विरळ हवा, सडपातळ पोटऱ्या, लहानपणापासूनची पायपीट यांचा फायदा होतो, हे मी नाकारत नाही. पण ते सगळे १९५० सालीही होतेच. नव्हती ती शिडी. या शिडीला तीन पायऱ्या लागतात : आपल्यातल्याच कुणीतरी जिंकून दाखवलेले असावे, हातात घड्याळ घेऊन आपल्याकडे लक्ष देणारा गुरू असावा, आणि शेवटी पोटाला भाकरी असावी.

खुद्द बॉस्टनचेच पाहा. १९७९ साली इथे पहिल्या दहांत चार धावपटू एकाच स्थानिक क्लबाचे, ग्रेटर बॉस्टन ट्रॅक क्लबाचे होते. सगळे प्रशिक्षक बिल स्क्वायर्स यांच्या तालमीतले. पहिला आला बिल रॉजर्स. १९८३ मध्ये ग्रेग मायर जिंकला आणि त्यानंतर थेट २०१४ पर्यंत एकही अमेरिकन पुरुष ही शर्यत जिंकू शकला नाही. २०१४ साली जिंकलेला मेब केफ्लेझिगी एरिट्रियात जन्मलेला अमेरिकन. या तीस वर्षांत अमेरिकनांचे रक्त काही पातळ झाले नव्हते.

आता आपल्याकडे वळू. ज्या अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये कोलेहमाइनेन पहिला आला, त्याच शर्यतीत बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. पहिल्या नंबरात आणि त्यांच्यात सुमारे अठरा मिनिटांचे अंतर होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर शेतकऱ्यांची पोरे पळताना सर दोराबजी टाटांनी पाहिली, त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांशी ताडून पाहिल्या आणि पदरमोड करून भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवण्यात पुढाकार घेतला. पाय होते आणि पारखणारी नजरही होती. नव्हती ती तिसरी पायरी. म्हणून चौगुल्यांच्या मागे रांग लागली नाही.

ही रांग आता कुठे लागते आहे, आणि तीही दुष्काळी मुलखात. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे वीटभट्टीवर काम करणाऱ्याचा मुलगा. शाळेसाठी रोज सहा-सहा किलोमीटरची पायपीट केली, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि सैन्यातच स्पर्धेतले धावणे शिकला. २०२२ साली तो कोलोराडो स्प्रिंग्जला स्कॉट सिमन्स या प्रशिक्षकाकडे आला. केनियात जन्मलेल्या अमेरिकन लष्करातल्या धावपटूंना शिकवणारे हेच ते गृहस्थ! त्याच मे महिन्यात कॅलिफोर्नियात साबळेने पाच हजार मीटरचा तीस वर्षांपूर्वीचा भारतीय विक्रम मोडला. ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, जिथे १९९८ पासून सलग सहा वेळा स्टीपलचेसची तिन्ही पदके केनियाने नेली होती, तिथे त्याने रौप्यपदक घेतले. सुवर्ण हुकले ते पाच शतांश सेकंदाने. मांडव्याचे रक्त इतेनच्या रक्तापेक्षा किती वेगळे, याचे माप हवे असेल तर ते एवढेच.

शेवटी एक घरचे उदाहरण. १९८५ साली बालू नटराजन अमेरिकेची राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा जिंकला. पुढे नॉर्थ साउथ फाउंडेशनने गावोगावी सरावस्पर्धा भरवल्या, आईबापांनी शनिवार-रविवार खर्ची घातले, आणि २०१९ साली आठ संयुक्त विजेत्यांपैकी सात भारतीय वंशाचे निघाले. स्पेलिंग यांच्या रक्तातच आहे, असे कुणी म्हटले तर आपण हसतो, कारण त्यामागची घोकंपट्टी आपण पाहिलेली असते. केनियाच्या पोरांची पहाटेची घोकंपट्टी आपल्याला दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

तेव्हा मंडळी, मुलाने धावण्याच्या संघाचा फॉर्म पुढे केला, तर 'आपल्यात नाही ते' असे म्हणू नका. सही करा, आणि पहाटे त्याला मैदानावर सोडायची तयारी ठेवा.