'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे नियम बदलून मुळशी सत्याग्रह खेळता येईल का?

गल्ली क्रिकेटमध्ये 'एक टप्पा आउट' असतं आणि बॉल शेजारच्यांच्या घरात गेला की बॅट्समन बाद. क्रिकेटच्या अधिकृत नियमांत यातलं काहीच नाही. जागा कमी, खेळाडू कमी, म्हणून मुलांनी नियम बदलले.

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम्समध्येही असंच होतं. खेळणाऱ्यांनी बदललेल्या नियमांना 'हाउस रूल्स' म्हणतात. जग, पात्रं, नियम असं सगळं स्वतः तयार केलं, तर त्याला 'होमब्रू' म्हणतात.

हा खेळ नेमका काय असतो?

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र होतो. एक जण 'गेम मास्टर' असतो, तो प्रसंग सांगतो. "मी भिंत चढतो," असं खेळाडू म्हणतो आणि फासा टाकतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये हा फासा वीस बाजूंचा असतो. फाशावरच्या आकड्यात पात्राचं कौशल्य मिळवायचं. मध्यम अवघड कामासाठी बेरीज १५ किंवा त्याहून जास्त लागते.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रकाशित केला. गंमत म्हणजे त्याचा जन्मच नियम बदलण्यातून झाला. आर्नेसन आणि त्यांचे मित्र युद्धाचे खेळ खेळायचे. त्यात सैन्याऐवजी एकेकट्या पात्राची गोष्ट आणण्यासाठी त्यांनी घरचे नियम जोडले. त्यातूनच पुढे हा खेळ उभा राहिला.

मग नियम बदलायची गरज काय?

कारण खेळात ज्याचे गुण मिळतात, खेळाडू तेच करतात. सुरुवातीच्या नियमांत बहुतेक गुण खजिना मिळवण्याचे होते. त्यामुळे हुशार खेळाडू राक्षसाशी लढण्याऐवजी त्याला चुकवून सोनं पळवायचे. पुढच्या आवृत्त्यांमध्ये शत्रूला हरवण्याचे गुण वाढले आणि खेळात मारामारीही वाढली.

आता हेच नियम घेऊन मुळशीची गोष्ट खेळायची म्हटली तर?

मुळशीत काय घडलं होतं?

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी खोऱ्यात वीजनिर्मितीसाठी टाटांच्या कंपनीचं धरण होणार होतं. त्यात सुमारे ५० गावांच्या जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेतकरी धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम काही काळ थांबलं. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या सत्याग्रहाचे नेते. बापटांना 'सेनापती' ही ओळख इथेच मिळाली.

पुढे फूट पडली. पुण्यातले अनेक सावकार जमीनमालक मोबदला घ्यायला तयार झाले, जमीन कसणाऱ्या मावळ्यांचा विरोध मात्र कायम होता. १९२४ मध्ये बापटांनी हत्यार घेऊन रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. अखेर धरण झालंच. १९२७ मध्ये घाटाखालच्या भिऱ्याला वीजनिर्मिती सुरू झाली.

या गोष्टीत राक्षस नाही, खजिनाही नाही. मूळ नियम जसेच्या तसे ठेवले, तर खेळाडू पहिल्याच दिवशी पोलिसांवर तलवार उपसतील. कारण त्यांच्या हातातली बहुतेक साधनं लढाईचीच आहेत.

कोणते नियम बदलता येतील?

१. गुण कशाचे? शत्रू मारण्याचे नाही, तर एखादं गाव सोबत टिकवण्याचे द्यायचे.

२. 'हिट पॉइंट्स'ऐवजी 'धीर' मोजायचा. अटक, उपासमार, शेजाऱ्याने मोबदला घेणं, यामुळे तो कमी होतो. गावकरी एकत्र जमले की वाढतो.

३. धरणाचं घड्याळ ठेवायचं. कागदावर गोल काढून त्याचे आठ भाग करायचे. काम पुढे सरकलं की एक भाग रंगवायचा. 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळात अशी घड्याळं वापरतात.

४. शस्त्र उचलण्याची मुभा ठेवायची, पण त्याची किंमतही ठरवायची. उदाहरणार्थ, शस्त्र उचललं की काही गावं साथ सोडतील.

काळजी कशाची घ्यायची?

ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचे वारस आजही या भागात आहेत. म्हणून खऱ्या माणसांची पात्रं घेण्याऐवजी काल्पनिक गाव आणि काल्पनिक कुटुंबं घेणं बरं. खेळाआधी सगळ्यांनी बसून दोन गोष्टी ठरवाव्यात. कोणते प्रसंग टेबलावर नकोत? आणि धरण थांबू शकतं की इतिहासाप्रमाणे होणारच? होणारच असेल, तर प्रश्न जिंकण्याचा उरत नाही. कोण कुणासोबत उभं राहिलं, हाच खेळ होतो.

हे कायदेशीर आहे का?

घरी खेळण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. प्रकाशित करायचं असेल तर लायसन्स बघावं लागतं. जानेवारी २०२३ मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' ही कंपनी जुनं खुलं लायसन्स बदलण्याच्या तयारीत होती. खेळाडूंनी जोरदार विरोध केला. त्याच महिन्यात कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. त्यामुळे श्रेय देऊन ते मराठीतही वापरता येतात, विकताही येतात. मात्र खेळाचं नाव, लोगो आणि बाकीच्या पुस्तकांतला मजकूर यांना ही मुभा नाही.

सुरुवात कशी करायची?

एका वेळी एकच नियम बदला. तो कागदावर लिहून सगळ्यांना दाखवा. दोन-तीन डाव खेळून बघा. खेळाडू गावाविषयी बोलायला लागले तर नियम ठेवा. नुसतीच आकडेमोड वाढली तर काढून टाका.