सभागृहाचे कारकून कोणी मोजायचे?

नांदगाव तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर पाण्याचा टँकर वेळेवर पोचत नाही, हा विषय आमदाराने तारांकित प्रश्न म्हणून दिला की तो कागद आधी मुंबईत विधानमंडळ सचिवालयात जातो. तिथले कर्मचारी तो नियमात बसतो का ते पाहतात, वाक्यरचना नीट करतात आणि अध्यक्षांनी स्वीकारल्यावर मंत्रालयातल्या विभागाकडे धाडतात. तिथून तो नाशिकला जिल्हाधिकारी कार्यालयात आणि शेवटी नांदगावच्या तहसील कचेरीत माहितीसाठी येतो. उत्तर त्याच वाटेने परत जाते आणि ‘हे अंशतः खरे आहे’ अशा परिचित शब्दांत यादीत छापले जाते. या लांबलचक वाटेवरचे बाकी सगळे कारकून सरकारचे असतात. सभागृहाचे म्हणावेत असे फक्त मुंबईतल्या त्या पहिल्या टेबलावरचे. विधानमंडळाला कर्मचारी किती हवेत, हा वाद खर्चाच्या आकड्यावरून घातला जातो. माझ्या मते आकड्याच्या आधी तो कोणी ठरवायचा हे पाहिले पाहिजे, आणि इतिहासाने त्याचे उत्तर पुरेसे स्पष्ट दिले आहे.

मुंबई कायदे कौन्सिलात उमेदवारी केलेले विठ्ठलभाई पटेल 1925 मध्ये केंद्रीय कायदेमंडळाचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले. तेव्हा कायदेमंडळाचे कामकाज सांभाळणारी कचेरी सरकारच्याच एका खात्याचा भाग होती. ज्या सरकारला सभासद जाब विचारत, त्याच सरकारचे नोकर त्यांचे प्रश्न तपासत. त्या नोकरांची बढती आणि बदलीही सरकारच्याच हाती. विठ्ठलभाईंनी ही गाठ सोडवायचा हट्ट धरला. सप्टेंबर 1928 मध्ये मोतीलाल नेहरूंनी स्वतंत्र कचेरीचा ठराव मांडला, तो संमत झाला, आणि 10 जानेवारी 1929 रोजी अध्यक्षांच्या अखत्यारीतले वेगळे खाते उभे राहिले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद 187 ने राज्यांच्या विधानमंडळांनाही स्वतंत्र सचिवीय कर्मचारीवर्ग दिला. जिथे दोन सभागृहे आहेत तिथे दोघांसाठी मिळून सामाईक पदे निर्माण करता येतील, अशी सोयही ठेवली. महाराष्ट्राने ती सोय घेतली आणि विधानसभा व विधान परिषद मिळून एकच सचिवालय ठेवले. काटकसरीचा विचार मुळातच झाला होता, हे टीकाकारांनी लक्षात घ्यावे.

1960 साली विधानसभेत 264 जागा होत्या, 1978 पासून 288 आहेत. जागा 24 वाढल्या म्हणून कर्मचारीही त्याच मानाने वाढावेत, हा हिशेब चुकीचा आहे, कारण काम सभासदांच्या डोक्यांवर वाढत नाही. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, आणि नाशिक जिल्हा परिषदेपासून नांदगाव पंचायत समितीपर्यंतच्या कारभाराची तपासणी पंचायत राज समितीकडे आली. रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या अंमलबजावणीवर देखरेखीला वेगळी समिती आली. आश्वासन समितीचे काम तर जवळून पाहण्यासारखे आहे. मंत्री सभागृहात ‘चौकशी करू’, ‘तीन महिन्यांत काम पूर्ण करू’ असे म्हणतात. ते वाक्य कार्यवृत्तातून हुडकायचे, त्याची नोंद करायची, विभागाकडे पाठवायचे आणि पूर्तता येईपर्यंत पाठपुरावा करायचा, हे काम कोणी तरी बसून, कार्यवृत्ताचे पान अन् पान वाचून करावे लागते. माणूस नसेल तर आश्वासन कागदावरच राहते, आणि नांदगावच्या माणसाला ते कधी सुटले हे कळतही नाही.

यावर पहिला आक्षेप असा की अधिवेशने मोजक्या दिवसांची, मग वर्षभराचे पगार कशाला? पण अधिवेशन हा कामाचा फक्त दिसणारा भाग. समित्यांच्या साक्षी, दौरे, अहवालांचे मसुदे, प्रतिवेदकांनी टिपलेल्या भाषणांची तपासणी आणि छपाई ही कामे अधिवेशन संपल्यावर चालतात. शिवाय 1953 च्या नागपूर करारामुळे तिथल्या अधिवेशनासाठी कचेरी फायलींसह नागपूरला हलवावी लागते. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: सभागृहाने आपली माणसे आपणच मोजली तर सोय लावण्याची, आपली माणसे भरण्याची वाट मोकळी होईल. ही भीती खरी आहे. मात्र त्यावर उपाय म्हणून मोजणी वित्त विभागाकडे सोपवली, तर विठ्ठलभाईंनी सोडवलेली गाठ पुन्हा बसते. ज्याच्या खर्चावर सभागृह लक्ष ठेवते, त्यानेच लक्ष ठेवणाऱ्यांची संख्या ठरवायची, हे कसे चालेल? ब्रिटनमध्ये 1978 च्या कायद्याने कॉमन्स सभेचे कर्मचारी नेमण्याचा अधिकार अध्यक्ष आणि सभासदांच्या एका आयोगाला दिला, तो याच कारणाने. आपल्याकडेही अनुच्छेद 187 नुसार भरती आणि सेवाशर्तींचा कायदा विधानमंडळाला करता येतो. तो होईपर्यंत अध्यक्ष वा सभापतींशी विचारविनिमय करून राज्यपालांना नियम करता येतात.

म्हणून आकृतिबंध, म्हणजे कोणती पदे किती हे, सभागृहानेच ठरवावा, पण बंद दाराआड नव्हे. कोणत्या कक्षात किती पदे मंजूर, किती भरलेली, वर्षभरात किती प्रश्न आले, किती आश्वासने प्रलंबित राहिली, हे सारे एका तक्त्यात अर्थसंकल्पासोबत सभागृहापुढे ठेवावे आणि त्यावर सभासदांनी मतदान करावे. भरती स्पर्धा परीक्षेने व्हावी. पदे वाढवायची असोत की कमी करायची, कारण त्याच तक्त्यात लिहावे लागेल, आणि ते नांदगावचा मतदारही वाचू शकेल.